बावड्याचे रामचंद्रपंत अमात्य



गगनगड आपण रोज पाहतो. बावड्याची जहागीर ज्यांच्या घराण्याकडे होती, त्या रामचंद्रपंत अमात्यांची आज आठवण करू या.

निळो सोनदेवांचे हे पुत्र. १६७४ साली शिवरायांच्या राज्याभिषेकावेळी ते अष्टप्रधानांत होते. पुढे औरंगजेब दक्षिणेत उतरला. विजापूर (१६८६) आणि गोवळकोंडा (१६८७) घेऊनही त्याचे मन भरले नाही. १६८९ मध्ये संभाजीराजांचा वध झाला, राजाराम महाराज जिंजीला गेले. मागे राज्य राखण्याचा भार ‘हुकूमतपनाह’ म्हणून पंतांवर आला. संताजी-धनाजींच्या साथीने त्यांनी झुंज चालू ठेवली. १७०७ मध्ये बादशहा अहमदनगरजवळ वारला. राज्य मात्र टिकले.

१७१५ च्या सुमारास पंतांनी आज्ञापत्र लिहिले. टोपीकर व्यापारासाठी येतात, पण मुलूख मिळवावा व आपला धर्म स्थापावा हा त्यांचा हेतू असतो. म्हणून त्यांना समुद्रकिनारी जागा देऊ नये, असे त्यांनी बजावले. या टोपीकरांत पोर्तुगीजही होते. आम्हाला हे वाचताना बोचते. तरी पंतांची शंका खोटी नव्हती, हे मान्य केलेच पाहिजे. तलवारीच्या सावलीत आलेल्या श्रद्धेकडे लोक संशयानेच पाहतात.

युद्धाला न्याय्य कारण आणि शुद्ध हेतू हवा, अशी संत थॉमस अक्वायनस यांची शिकवण आहे. बादशहाला आणखी मुलूख हवा होता. पंतांना होते ते राखायचे होते. शेताच्या बांधावरून भांडण काढताना आपला हेतू कोणता असतो? या आठवड्यात प्रार्थनेला बसताना आपण सर्वांनी तो तपासू या.