नील्स बोर

नील्स बोर यांचा जन्म 1885 साली डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे झाला. त्यांना व धाकटा भाऊ हॅराल्ड याला फुटबॉलचा भारी नाद होता. हॅराल्ड तर 1908 च्या ऑलिंपिकमध्ये खेळला.

1912 साली बोर इंग्लंडमध्ये रदरफर्ड यांच्याकडे गेले. अणूच्या मध्यभागी केंद्रक असते व त्याभोवती इलेक्ट्रॉन फिरतात, असे रदरफर्ड मानत. पण अशा रीतीने फिरणारा इलेक्ट्रॉन ऊर्जा गमावून क्षणात केंद्रकावर कोसळला पाहिजे. मग जगात एकही वस्तू टिकली नसती! 1913 साली बोर यांनी हा पेच सोडवला. इलेक्ट्रॉन ठरावीक कक्षांतच राहतो. तेथे त्याची ऊर्जा कमी होत नाही. वरच्या कक्षेतून खालच्या कक्षेत येताना मात्र तो प्रकाश देतो. हायड्रोजनच्या प्रकाशातील रंगीत रेषा या हिशेबाशी जुळल्या. पुढे कक्षांचे चित्र बदलले, पण ऊर्जापातळीची कल्पना टिकली. 1922 साली बोर यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

बोर यांची आई ज्यू होती. 1943 साली डेन्मार्क जर्मनांच्या ताब्यात होता. आपल्याला अटक होणार हे कळताच ते पत्नीसह रात्री नावेतून स्वीडनला निसटले. युद्ध संपल्यावर ते मायदेशी परतले. 1962 साली कोपनहेगनमध्येच त्यांचे निधन झाले.