पाकशाळेतील ईश्वरसान्निध्य

सणाच्या दिवशी देवघरात मंत्रघोष चालू असतो आणि त्याच वेळी गृहिणी नैवेद्याच्या धांदलीत चुलीपाशी अडकलेली असते. तिची उपासना बुडाली असे म्हणावे काय? सतराव्या शतकात फ्रान्समधील एका ख्रिस्ती मठवासीयाने हाच प्रश्न आपल्या आयुष्याने सोडविला.

निकोलस हर्मन यांचा जन्म १६१४ च्या सुमारास लोरेन प्रांतात झाला. वयाच्या अठराव्या वर्षी, ऐन हिवाळ्यात, एक निष्पर्ण वृक्ष त्यांच्या दृष्टीस पडला. यालाच काही काळाने पुन्हा पालवी फुटणार, एवढ्याच विचाराने ईश्वरी सामर्थ्याचा ठसा त्यांच्या चित्तावर कायमचा उमटला. पुढे सैन्यात असताना जखम होऊन पाय अधू झाला. नंतर एका खजिनदाराकडे चाकरी केली. पण हात असे वेंधळे की हाती येईल ती वस्तू फुटायची!

१६४० मध्ये ते पॅरिसच्या कार्मेल संप्रदायाच्या मठात सेवक-बंधू म्हणून दाखल झाले. तेथे त्यांना बंधू लॉरेन्स हे नाव मिळाले. धर्मोपदेशकाची दीक्षा नव्हतीच. वाट्यास आली ती पाकशाळा. आणि येथेच खरी परीक्षा होती, कारण स्वयंपाकाच्या कामाचा त्यांना मुळातच तिटकारा होता. आवडीचे काम देवाला अर्पण करणे सोपे. नावडते कसे अर्पावे?

त्यांची रीत अगदी साधी होती. कामास हात घालण्यापूर्वी कृपेची याचना करावयाची, काम चालू असता ईश्वराशी मनोमन संवाद ठेवावयाचा आणि शेवटी आपले आपणच परीक्षण करावयाचे. चुकले तर क्षमा मागून पुन्हा कामास लागावयाचे. खंत उगाळीत बसावयाचे नाही. तव्यावरचे अंड्याचे धिरडे उलटणे असो की जमिनीवरची काडी उचलणे असो, ते प्रभुप्रेमाखातरच. नेमलेल्या प्रार्थनेची घटिका आणि भांड्यांच्या खडखडाटाची वेळ यांत त्यांना पुढे भेदच उरला नाही.

मात्र ही स्थिती सहज लाभली नाही. सुमारे दहा वर्षे ते घोर अंतःक्लेशात होते. आपण देवापासून दुरावलो, असेच त्यांना वाटे. अखेर हे दुःख आमरण भोगण्याचीही त्यांनी मनाची तयारी केली, आणि तेव्हाच अकस्मात शांती लाभली.

पाकशाळेत त्यांची १५ वर्षे गेली. मठासाठी द्राक्षमद्य खरेदी करण्यास त्यांना बर्गंडीस धाडले गेले, तेव्हा अधू पायामुळे नौकेतील पिंपांवरून लोळतच पुढे सरकावे लागे. हे काम तुझेच आहे, असे देवाला सांगून ते निर्धास्त झाले. पुढे मठवासीयांची पादत्राणे दुरुस्त करण्याचे काम त्यांच्याकडे आले; तेही त्याच भावाने केले.

जोसेफ द बोफोर हे विद्वान धर्मगुरू १६६६ पासून त्यांच्याशी झालेली संभाषणे टिपून ठेवीत. फेनेलाँसारखा थोर धर्मोपदेशकही त्यांच्या भेटीस गेला होता. १२ फेब्रुवारी १६९१ रोजी लॉरेन्स निवर्तले. त्यानंतर त्यांची पत्रे आणि संभाषणे बोफोर यांनी ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली, आणि पंथभेद ओलांडून इंग्लंडातील जॉन वेस्ली यांनीही आपल्या ग्रंथमालेत त्यांतील वेचे घेतले.