जो ब्रुक्स
जोसेफ ब्रुक्स (१९०१–१९७२) हे अमेरिकन मत्स्यशिकारी व लेखक होते. पिसे आणि धागे बांधून केलेली कृत्रिम माशी गळाला लावून मासे पकडण्याची कला, म्हणजे 'फ्लाय फिशिंग', समुद्रावर रुजविणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रभागी आहे.

त्यांचा जन्म बाल्टिमोर येथे झाला. तारुण्यात ते मद्याच्या आहारी गेले होते. त्यातून सुटल्यावरच त्यांचे खरे कार्य घडले.

जून १९४७ मध्ये फ्लॉरिडातील आयलामोराडा येथे, वाटाडे जिमी अल्ब्राइट यांच्यासमवेत, त्यांनी उथळ खाऱ्या पाण्यातील बोनफिश हेरून कृत्रिम माशीवर पकडला. त्यापूर्वी हा मासा माशीला लागला, तर तो योगायोग मानला जाई.

या मासेमारीत दोराची निवड निर्णायक ठरते. पूर्णा किंवा पैनगंगेच्या काठी दिसणाऱ्या गळाला शिशाचे वजन दूर नेते. येथे आमिष पिसाइतके हलके, म्हणून वजन दोरातच असावे लागते. समुद्रावर वारा जोरदार आणि मासा क्षणभरच दृष्टीस पडणारा, तेव्हा पुढील भाग जड असलेला दोर थोड्या झोक्यांत लांब जातो. उथळ पाण्यात तरंगणारा दोर योग्य, खोल पाण्यात बुडणारा. हल्ली कयाकमध्ये बसून मासेमारी करणाऱ्यास, फेक पाण्यालगत राहत असल्याने, जड टोकाच्या दोराची गरज अधिकच भासते.

ब्रुक्स यांचा 'सॉल्ट वॉटर फ्लाय फिशिंग' हा ग्रंथ १९५० मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे ख्यातनाम झालेले लेफ्टी क्रेह यांना या कलेकडे त्यांनीच वळविले. १९७२ मध्ये 'ट्राउट फिशिंग' हे पुस्तक प्रकाशित झाले आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले.