तारामतीची पुढची वाट : दुर्गाबाई खोटे

भारतीय चित्रपटाचा आरंभ ज्या कथेने झाला, ती राजा हरिश्चंद्राची कथा. १९१३ साली दादासाहेब फाळके यांनी ती पडद्यावर आणली, तेव्हा तारामतीच्या भूमिकेसाठी एकही स्त्री पुढे येईना. अखेरीस एका उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके या तरुणाला लुगडे नेसवून फाळक्यांनी आपली तारामती उभी केली. पुढे एकोणीस वर्षांनी मराठी चित्रपटाला वाचा फुटली, तीही याच कथेने. या वेळी तारामती म्हणून पडद्यावर आली, ती मुंबईच्या एका सुखवस्तू घराण्यात वाढलेली, महाविद्यालयाची पायरी चढलेली, दोन मुलांची आई. तिचे नाव दुर्गा खोटे. या दोन तारामतींमधील अंतर केवळ मूकपट आणि बोलपट यांमधील नव्हते. घरंदाज म्हणवणाऱ्या समाजाने स्त्रीभोवती आखलेली एक रेघ मध्ये होती. ती रेघ दुर्गाबाईंनी ओलांडली. आणि हौसेपोटी नव्हे, तर संसाराच्या निकडीपोटी ओलांडली. त्यांच्या पुढील अर्धशतकाच्या कारकीर्दीचा अर्थ या एका गोष्टीत साठवलेला आहे.

दुर्गाबाईंचा जन्म १४ जानेवारी १९०५ रोजी मुंबईत झाला. माहेरचे नाव विठा लाड. लाड कुटुंब मूळचे गोव्याचे. घरात कोकणी बोलली जाई. वडील पांडुरंग शामराव लाड आणि आई मंजुळाबाई यांच्या छत्राखाली, कांदेवाडीतील मोठ्या एकत्र कुटुंबात त्या वाढल्या. त्या काळी मुलींच्या शिक्षणाकडे पाहण्याची दृष्टी बेताचीच असे. परंतु विठाला कॅथेड्रल हायस्कूल आणि पुढे सेंट झेवियर्स महाविद्यालय या नामांकित संस्थांत शिकण्याची संधी मिळाली. घरी कोकणी, शाळेत इंग्रजी आणि भोवताली गिरगावची मराठी, अशा तीन भाषांचे संस्कार या मुलीवर लहानपणीच झाले. पुढे हिंदी पडद्यावर त्या सहजपणे वावरू शकल्या, याचे बीज कदाचित येथेच असावे.

विवाह झाला तो अशाच प्रतिष्ठित खोटे घराण्यात. पती विश्वनाथ खोटे हे यंत्र-अभियंता होते. दोन मुलगे झाले. सारे काही सुरळीत चालले असताना सासरची सांपत्तिक स्थिती ढासळली आणि ऐन तारुण्यात दुर्गाबाईंना वैधव्यही आले. माहेरचा आधार होता, नाही असे नाही. पण दुसऱ्याच्या ओसरीवर मुले वाढवणे त्यांच्या स्वभावाला मानवणारे नव्हते. शिक्षित असूनही स्त्रीला अर्थार्जनाचे मार्ग त्या वेळी किती थोडे होते, हे आज ध्यानात येणे कठीण आहे. शिकवण्या करून संसार चालण्यासारखा नव्हता. अशा वेळी चित्रपटात काम करण्याविषयी विचारणा झाली आणि त्यांनी होकार दिला.

हा पहिला चित्रपट म्हणजे १९३१ सालचा ‘फरेबी जाल’. मूळ मूकपटाला बोलपटाचे ठिगळ लावलेले हे चित्र होते आणि त्यात दुर्गाबाईंची भूमिका अगदी अल्प होती. चित्र सुमार निघाले. काम लहान, पण बदनामी मोठी, असा प्रकार झाला. लाडांची लेक आणि खोट्यांची सून पडद्यावर, तीही अशा चित्रात, म्हणून आप्तेष्टांत आणि समाजात टीकेचे मोहोळ उठले. पहिल्या पावलालाच अशी ठेच लागल्यावर ही वाट कायमची सोडून देणे किती सोपे होते! सुदैवाने या अपयशाच्या आडून एका जाणत्या नजरेने त्यांना हेरले. ती नजर व्ही. शांताराम यांची होती.

कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीने आपल्या पहिल्या बोलपटासाठी हरिश्चंद्राचे आख्यान निवडले होते. ‘अयोध्येचा राजा’ हा १९३२ सालचा चित्रपट मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत तयार झाला आणि पहिला मराठी बोलपट म्हणून इतिहासात नोंदला गेला. हरिश्चंद्राच्या भूमिकेत गोविंदराव टेंबे होते. पार्श्वगायनाची सोय तेव्हा अवतरली नव्हती. नटनटींना आपापली गाणी चित्रीकरणाच्या वेळीच गावी लागत. दुर्गाबाईंनीही आपली गाणी स्वतःच गायिली. राजवैभवातून निघालेली, परक्या दारी दासी झालेली, मुलाचे कलेवर हाती घेऊन स्मशानात आलेली तारामती त्यांनी उभी केली आणि प्रेक्षकांची मने हेलावून गेली. वैभवातून विपन्नावस्थेकडे आणि तेथून निर्धाराकडे जाणारी ही वाट त्यांच्या स्वतःच्या आयुष्यापासून फार दूर नव्हती. ज्या समाजाने वर्षभरापूर्वी नाके मुरडली होती, त्यानेच आता या तारामतीचे कौतुक आरंभिले. चित्रपटात काम करूनही स्त्रीला आपली अदब राखता येते, याचा एक वस्तुपाठच मिळाला. सुशिक्षित घरांतील पुढच्या मुलींसाठी दार किलकिले झाले, ते अशा रीतीने.

त्याच वर्षीच्या ‘माया मच्छिंद्र’ या चित्रात दुर्गाबाई स्त्रीराज्याच्या राणीच्या रूपाने आल्या. सोशीक तारामतीनंतर ही करारी राणी, आणि तिच्याजवळ चक्क चित्ता! पुढे १९३६ साली प्रभातच्याच ‘अमर ज्योती’मध्ये त्यांनी सौदामिनी रंगवली. आईचा आपल्या अपत्यावरील हक्क नाकारणाऱ्या व्यवस्थेविरुद्ध बंड करून समुद्रावर चाचेगिरी पत्करणारी ही स्त्री. उंच बांधा, भेदक डोळे, भारदस्त आवाज आणि स्पष्ट उच्चार या देणग्यांचा शांतारामांनी येथे पुरेपूर उपयोग करून घेतला.

येथे एका गोष्टीचा मुद्दाम उल्लेख केला पाहिजे. त्या काळी कलावंत एकेका कंपनीशी मासिक वेतनावर करारबद्ध असत. एका कंपनीचा माणूस दुसरीकडे काम करीत नसे. प्रभातशी इतका जिव्हाळ्याचा संबंध असूनही दुर्गाबाईंनी स्वतःला असे बांधून घेतले नाही. आपले काम आपण निवडावे आणि त्याचे मोल आपण ठरवावे, हा बाणा त्यांनी राखला. स्वतंत्रपणे काम करणाऱ्या आद्य चित्रपट कलावंतांत त्यांची गणना होते, ती यामुळेच.

या स्वातंत्र्याचे पहिले मोठे फळ त्यांना महाराष्ट्राबाहेर, कलकत्त्यात मिळाले. न्यू थिएटर्सच्या ‘राजरानी मीरा’ (१९३३) आणि ईस्ट इंडिया फिल्म कंपनीच्या ‘सीता’ (१९३४) या देवकी बोस यांनी दिग्दर्शित केलेल्या हिंदी चित्रांत त्या नायिका होत्या. ‘सीता’मध्ये श्रीरामाच्या भूमिकेत पृथ्वीराज कपूर होते. हा चित्रपट व्हेनिसच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात दाखवला गेला आणि असा मान मिळवणारा तो पहिला भारतीय बोलपट मानला जातो. परप्रांतात जाऊन, तेथील दिग्दर्शकाच्या हाताखाली, मातृभाषा नसलेल्या भाषेत काम करायचे आणि तेथील रसिकांच्या पसंतीस उतरायचे, हे किती अवघड असते ते प्रवासी मराठी कुटुंबांना वेगळे सांगायला नको.

त्याच कलकत्त्याने पुढे त्यांच्या गुणांवर दोनदा मोहोर उमटवली. १९४१ साली आचार्य अत्रे यांच्या ‘पायाची दासी’ या चित्रात दुर्गाबाईंनी सासूची भूमिका केली. वय अवघे छत्तीस. नायिकेचे वलय असणाऱ्या नटीने इतक्या लवकर खाष्ट सासू व्हायला कबूल होणे, हे त्या काळीच काय, नंतरही दुर्मीळच. या चित्राच्या हिंदी आवृत्तीतील, म्हणजे ‘चरणों की दासी’तील भूमिकेसाठी बंगाल चित्रपट पत्रकार संघाने त्यांना उत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार दिला. लगोलग विजय भट्ट यांच्या ‘भरत मिलाप’ (१९४२) या चित्राबद्दल हाच पुरस्कार त्यांना पुन्हा लाभला. तेथे त्यांची भूमिका कैकेयीची होती. आठ वर्षांपूर्वीची सीता आता कैकेयी झाली आणि तीही रसिकांनी मनोमन स्वीकारली. भूमिका थोर की खलप्रवृत्तीची, तरुण की पोक्त, हा प्रश्न त्यांच्या लेखी गौण होता. काम प्रामाणिकपणे करायचे, एवढेच त्यांना ठाऊक होते. या मधल्या काळात ‘साथी’ या चित्रपटाच्या निर्मितीची धुराही त्यांनी उचलली होती. चित्रनिर्मितीत उतरलेल्या आरंभीच्या स्त्रियांत म्हणूनच त्यांचे नाव घेतात.

पडद्यावर नाव झाल्यावर रंगभूमीकडे पाठ फिरवणारे पुष्कळ असतात. दुर्गाबाईंचे उलट झाले. पडद्याने मोठे केल्यानंतर त्या मराठी रंगभूमीच्या अधिकच जवळ आल्या. मुंबई मराठी साहित्य संघाच्या नाट्यकार्यात त्यांचा मोठा वाटा होता. ‘भाऊबंदकी’तील आनंदीबाई आणि शिरवाडकरांनी ‘मॅक्बेथ’वरून रचलेल्या ‘राजमुकुट’मधील महत्त्वाकांक्षी राणी या त्यांच्या भूमिका जाणकारांच्या स्मरणात राहिल्या. १९५८ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. मराठी नाट्यदिग्दर्शनात पुढे मानाचे स्थान मिळवणाऱ्या विजयाबाई मेहता या एके काळी त्यांच्या स्नुषा. दुर्गाबाईंचा एक मुलगा ऐन उमेदीत गेला. हा आघात आईच्या काळजाला काय यातना देऊन गेला असेल, याची कल्पनाच केलेली बरी. त्यानंतरही त्यांचे काम थांबले नाही.

हिंदी पडद्यावर आता त्या आईच्या भूमिकांतून दिसू लागल्या होत्या. १९६० साली आलेल्या ‘मुगल-ए-आझम’मधील त्यांची जोधाबाई विसरता येणार नाही. एकीकडे सम्राट पती, दुसरीकडे बंडखोर पुत्र आणि मध्ये होरपळणारी माता. अकबर झाले होते पृथ्वीराज कपूर. ‘सीता’मधील राम-जानकी सव्वीस वर्षांनी बादशहा आणि सम्राज्ञी होऊन समोरासमोर आले. तरुण पिढीने त्यांना पाहिले ते ‘बॉबी’तील (१९७३) गोव्याकडच्या प्रेमळ आजीच्या रूपात. पुढे १९७४ सालच्या ‘बिदाई’मधील आईच्या भूमिकेसाठी त्यांना सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. तेव्हा त्या सत्तरीच्या उंबरठ्यावर होत्या. मराठी आणि हिंदी मिळून त्यांच्या चित्रपटांची संख्या दोनशेच्या घरात जाते.

चित्रपटांच्या जोडीला त्यांनी लघुपट, माहितीपट आणि जाहिरातपट यांच्या निर्मितीची संस्था दीर्घ काळ चालवली. १९८८ साली दूरदर्शनवर सुरू झालेली, आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेवर आधारलेली ‘वागले की दुनिया’ ही मालिका दुर्गा खोटे प्रॉडक्शन्सचीच निर्मिती. देशाच्या कानाकोपऱ्यातील घराघरांत वागले नावाचा एक साधा मराठी कारकून तिने पोहोचवला, ही गोष्ट मराठी मुलखापासून दूर असलेल्यांना विशेष आनंदाची.

मान्यतेचे टप्पे आपल्या गतीने येत गेले. १९६८ साली पद्मश्री. आणि १९८३ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार. हा सर्वोच्च सन्मान मिळवणाऱ्या त्या देविका राणी, सुलोचना (रुबी मायर्स) आणि कानन देवी यांच्यानंतरच्या चौथ्या स्त्री कलावंत. ज्या फाळक्यांना तारामतीसाठी स्त्री मिळाली नव्हती, त्यांच्याच नावाचा पुरस्कार बोलपटाच्या तारामतीला मिळावा, यात काळाने केलेला एक न्याय दिसतो. आदल्याच वर्षी, १९८२ मध्ये, ‘मी, दुर्गा खोटे’ हे त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले होते. मराठी आत्मचरित्रांत ते आपल्या स्पष्टपणामुळे उठून दिसते. २२ सप्टेंबर १९९१ रोजी मुंबईत त्यांनी जगाचा निरोप घेतला. भारतीय चित्रपटाच्या शताब्दीनिमित्त २०१३ साली टपाल खात्याने जी तिकिटे काढली, त्यांत दुर्गाबाईंचीही मुद्रा होती.

पुरस्कारांची ही यादी मोठी आहे. परंतु दुर्गाबाईंचे मोठेपण केवळ त्या यादीत शोधू नये. चरितार्थासाठी म्हणून एक काम हाती घ्यावे, पहिल्याच प्रयत्नात हसे व्हावे, तरीही पुन्हा उभे राहावे, आणि त्या कामालाच अशी उंची द्यावी की ज्यांनी नावे ठेवली त्यांच्याच लेकीसुनांना पुढे त्या वाटेने जाताना संकोच वाटू नये, हे त्यांचे खरे कर्तृत्व होय. चरितार्थासाठीच आपल्यापैकी अनेकांच्या वाडवडिलांनी गाव सोडले, परक्या भाषेत दिवस काढले आणि नव्याने घर उभारले. पोटासाठी पत्करलेले कष्टही अब्रूने आणि निष्ठेने केले, तर त्यांतूनच माणसाचे शील घडते. दुर्गाबाईंचे चरित्र याची साक्ष देते; म्हणून ते पुढच्या पिढीच्या हाती दिले पाहिजे.