बालगंधर्व

नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व (२६ जून १८८८ – १५ जुलै १९६७) हे मराठी संगीत रंगभूमीवरील ख्यातनाम गायक-नट होते. स्त्रिया व्यावसायिक नाटक मंडळ्यांत सहसा काम करीत नसत त्या काळात त्यांनी रंगविलेल्या भामिनी, रुक्मिणी, सिंधू, द्रौपदी इत्यादी स्त्रीभूमिका विशेष गाजल्या. गायन व अभिनयाबरोबरच रंगभूषा, वस्त्रे, अलंकार आणि सुगंधी द्रव्ये यांच्या चोखंदळ निवडीसाठीही ते ओळखले जात. या निवडीमुळे मराठी रंगभूमीवरील स्त्रीरूपाचा दर्जा उंचावला. मात्र तीवर झालेला खर्च त्यांच्या नाटक मंडळीच्या कर्जबाजारीपणाचे एक प्रमुख कारण ठरला.

बालपण आणि शिक्षण

नारायणरावांच्या बालपणाचा काही काळ खानदेशातील जळगाव येथे नातेवाइकांकडे गेला. मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावरील आणि अमळनेरवरून येणाऱ्या सुरतेच्या मार्गाच्या टोकाशी असलेले जळगाव त्या वेळी कापसाची मोठी बाजारपेठ म्हणून वाढत होते. गाण्याचे प्राथमिक शिक्षण त्यांना जळगावातच महबूब खाँ यांच्याकडे मिळाले. लहान वयातच त्यांच्या गोड आवाजाची ख्याती पसरली. पुण्यात त्यांचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी त्यांना 'बालगंधर्व' ही उपाधी दिली, असे परंपरेने सांगितले जाते.

त्यांना ऐकू कमी येत असे. कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज यांनी त्यांच्यावर मिरज येथील डॉ. वॉन्लेस यांच्याकडे उपचार करविले. शाहू महाराजांच्याच प्रोत्साहनाने ते किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले.

किर्लोस्कर नाटक मंडळी

किर्लोस्कर नाटक मंडळीचे विख्यात गायक-नट भाऊराव कोल्हटकर यांचे १९०१ साली निधन झाले. त्यानंतर मंडळीला त्यांची जागा भरून काढील अशा नटाची गरज होती. १९०५ साली नारायणराव मंडळीत आले आणि मिरज येथे 'शाकुंतल' नाटकात शकुंतलेच्या भूमिकेत प्रथम रंगमंचावर उभे राहिले. भास्करबुवा बखले यांच्याकडून त्यांना शास्त्रीय संगीताची तालीम मिळाली.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे 'मानापमान' हे नाटक १९११ साली मुंबईत रंगमंचावर आले. त्यात नारायणरावांनी भामिनीची भूमिका केली. पहिल्या प्रयोगाच्या दिवशीच त्यांच्या लहान मुलीचे निधन झाले. प्रयोग रद्द करणे शक्य असतानाही त्यांनी चेहऱ्याला रंग लावला आणि ठरल्याप्रमाणे भूमिका पार पाडली. या नाटकाने त्यांना अग्रगण्य नटाचे स्थान मिळवून दिले.

गंधर्व नाटक मंडळी

१९१३ साली गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासह नारायणरावांनी गंधर्व नाटक मंडळीची स्थापना केली. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांचा मंडळीला आश्रय लाभला. पुढे टेंबे व बोडस मंडळीतून बाहेर पडले आणि सर्व जबाबदारी नारायणरावांवर आली. साथसंगतीसाठी त्यांनी अहमदजान थिरकवा (तबला) व कादरबक्ष (सारंगी) यांच्यासारखे थोर वादक मंडळीत आणले. हार्मोनियमऐवजी ऑर्गनचा वापरही त्यांच्या प्रयोगांचे वैशिष्ट्य ठरला.

८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी 'संयुक्त मानापमान'चा प्रयोग झाला. त्यात ललितकलादर्श मंडळीचे केशवराव भोसले धैर्यधराच्या व बालगंधर्व भामिनीच्या भूमिकेत होते. प्रतिस्पर्धी समजल्या जाणाऱ्या दोन मंडळ्यांचे नट एकत्र आल्याने हा प्रयोग मराठी नाट्येतिहासात संस्मरणीय ठरला.

रंगभूषा आणि वेशभूषा

तत्कालीन साधने

एकोणिसाव्या शतकातील मराठी नाटक मंडळ्यांच्या रंगपटात सफेदा, पिवडी, हिंगूळ, काजळ व खोबरेल तेल ही मुख्य साधने असत. कोरडे रंग पाण्यात किंवा तेलात कालवून चेहऱ्यावर चढविले जात. पाण्यात कालवलेला रंग घामाने ओघळे, तर तेलातील रंग जाड बसे. शिशापासून केलेला सफेदा त्वचेला अपायकारक असतो. त्यामुळे नटाच्या दृष्टीने साधनाची पारख ही केवळ सौंदर्याची बाब नव्हती. बर्लिनमधील ऑपेरा-गायक लुडविग लाइखनर यांनी १८७३ साली रंगभूमीसाठी चरबीयुक्त रंगकांड्यांचे उत्पादन सुरू केले. 'ग्रीजपेंट' या नावाने ओळखला जाणारा हा रंग त्वचेवर सारखा पसरतो व घामाने सहज ओघळत नाही. प्रयोगानंतर तो तेल किंवा कोल्ड क्रीम लावून पुसता येतो. पुढे भारतातील व्यावसायिक रंगभूमीवरही तो रूढ झाला.

साधनांची निवड प्रकाशयोजनेवर अवलंबून असे. तेलाच्या किंवा वायूच्या दिव्यांच्या पिवळसर, मंद उजेडात चेहरा ठळक दिसण्यासाठी रंगाचा जाड थर आवश्यक ठरे. विजेचे दिवे आल्यावर तोच थर बटबटीत दिसू लागला आणि रंगांच्या कडा एकमेकांत मिसळण्याचे महत्त्व वाढले. मंचाच्या पुढील कडेला ठेवलेल्या दिव्यांचा प्रकाश खालून येत असल्याने हनुवटीखालचा भाग उजळे, तर भुवया व डोळ्यांभोवती अस्वाभाविक सावल्या पडत.

डोळे आणि चेहरा

स्त्रीपार्टी नटाच्या रंगभूषेत डोळ्यांना विशेष महत्त्व होते. लाजणे, रुसणे किंवा कटाक्ष टाकणे शेवटच्या रांगेपर्यंत पोचण्यासाठी पापण्यांच्या कडा काजळाने रेखून ती रेघ डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापुढे किंचित नेली जाई. भुवया बारीक व कमानदार केल्या जात. काजळाची रेघ जाड झाल्यास दुरून डोळा लहान व काळवंडलेला दिसतो, तर फार बारीक असल्यास ती दिसतच नाही. त्यामुळे काजळ बोटाने लावावे की काडीने अथवा कुंचल्याने, हा निर्णय नाट्यगृहाच्या आकारमानाशी व प्रकाशाशी जोडलेला असे. दाढी-मिशांची खूण झाकणे, जबड्याची रुंदी कमी भासविणे आणि मान, कान व हात यांचा रंग चेहऱ्याशी जुळविणे हीही कामे रंगभूषेत येत. काही नट स्वतःचे केस वाढवीत, तर काही टोप वापरीत.

बालगंधर्वांची निवड

बालगंधर्वांच्या आधीच्या काळात स्त्रीभूमिका मुख्यतः गायनाच्या बळावर उभी राहत असे आणि पुरुषी बांधा किंवा आवाज प्रेक्षक चालवून घेत. बालगंधर्वांनी नेसण, केशरचना, चाल, हातांच्या हालचाली आणि दृष्टिक्षेप यांत कुलीन स्त्रीच्या मर्यादशीलतेचा आदर्श उभा केला. राजा रविवर्मा यांच्या चित्रांतून लोकप्रिय झालेल्या स्त्रीप्रतिमेचा त्या काळच्या रंगभूमीवर प्रभाव होता. बालगंधर्वांच्या भूमिकांची छायाचित्रेही त्याच अभिरुचीची साक्ष देतात.

साधनांच्या बाबतीत अस्सलपणा हे त्यांचे सूत्र होते. नकली जर, काचेचे खडे किंवा हलक्या प्रतीचे कापड रंगमंचावर दुरून खपून जाते, हा व्यवसायातील नेहमीचा हिशेब त्यांनी मानला नाही. भरजरी शालू, पैठण्या, मौल्यवान दागिने आणि उंची अत्तरे यांचा ते वापर करीत. अत्तराचा दरवळ प्रेक्षागृहात पोचत असल्याने तोही प्रयोगाचा भाग बने. अस्सल रेशमी वस्त्राचे वजन व चुण्या नटाच्या चालीवर परिणाम करतात आणि खऱ्या दागिन्यांची चमक हालचालीबरोबर बदलते. त्यामुळे या निवडीमागे हौसेबरोबरच अभिनयाची गरजही होती.

भूमिकेनुसार बदल

'स्वयंवर'मधील रुक्मिणी किंवा 'मानापमान'मधील भामिनी या भूमिकांना समृद्ध साजशृंगार शोभणारा होता. राम गणेश गडकरी यांच्या 'एकच प्याला' (१९१९) नाटकातील सिंधूचे स्वरूप याहून सर्वस्वी भिन्न होते. मद्यासक्त सुधाकराची ही पत्नी दारिद्र्यात होरपळते आणि दळण दळून दिवस काढते. तेथे दागिने, अत्तर व ठळक रेखाटन यांना स्थान नव्हते. कुंकू, जीर्ण लुगडे आणि चेहऱ्यावरील भाव एवढ्यावर ही भूमिका उभी राहिली. ऐश्वर्यसंपन्न वेशासाठी ख्यात असलेल्या नटाला साजाविनाही तितकाच परिणाम साधता येतो, हे सिंधूने दाखवून दिले. त्यामुळे अनेक समीक्षक या भूमिकेला त्यांच्या सर्वोत्तम भूमिकांत स्थान देतात.

समाजावरील प्रभाव

बालगंधर्वांची नेसण, अंबाडा, गजरा माळण्याची रीत आणि दागिन्यांची निवड यांचे अनुकरण मध्यमवर्गीय व संपन्न घरांतील स्त्रिया करू लागल्या. त्यांची छायाचित्रे व नाव विक्रीच्या वस्तूंसाठीही वापरले गेले. एका पुरुष नटाने घडविलेले स्त्रीरूप प्रत्यक्ष स्त्रियांच्या प्रसाधनाचा आदर्श बनले, ही बाब रंगभूमीच्या व समाजेतिहासाच्या अभ्यासकांच्या विशेष कुतूहलाची ठरली आहे. हे रूप उच्चवर्णीय कुलीन स्त्रीच्या ठरावीक कल्पनेपुरते मर्यादित होते, अशी टीकाही काही अभ्यासकांनी केली आहे.

खर्च आणि कर्ज

'द्रौपदी' (१९२०) नाटकाच्या निर्मितीवर मंडळीने प्रचंड खर्च केला. भव्य नेपथ्य, वस्त्रे व अलंकार यांच्या मानाने नाटकाचे उत्पन्न अपुरे पडले आणि १९२१ च्या सुमारास मंडळी मोठ्या कर्जात सापडली. नादारी जाहीर करण्याऐवजी नारायणरावांनी कर्जाची जबाबदारी स्वतःवर घेतली आणि पुढील काही वर्षे अखंड प्रयोग करून ते फेडले. मात्र खर्चाची पद्धत बदलली नाही. बोलपटांचे आगमन आणि प्रेक्षकांची बदलती अभिरुची यांमुळे उत्पन्न घटत गेले आणि मंडळी पुन्हा अडचणीत आली. त्यांच्या या स्वभावाकडे काहींनी कलानिष्ठा म्हणून, तर काहींनी अव्यवहारीपणा म्हणून पाहिले आहे.

चित्रपट

१९३५ साली प्रभात फिल्म कंपनीच्या, व्ही. शांताराम दिग्दर्शित 'धर्मात्मा' या चित्रपटात बालगंधर्वांनी संत एकनाथांची भूमिका केली. १९३७ साली बाबूराव पेंटर यांच्या 'साध्वी मीराबाई' चित्रपटात ते मीराबाईच्या भूमिकेत दिसले. या वेळी त्यांचे वय पन्नाशीच्या जवळ आले होते. रंगमंचावर नट व प्रेक्षक यांच्यातील अंतर रंगभूषेला साहाय्य करते, तर कॅमेरा चेहरा जवळून दाखवतो. ज्या साधनांनी दुरून तारुण्य व लावण्य साकारत असे, ती पडद्यावर उघडी पडली. त्यानंतर बालगंधर्वांनी चित्रपटात पुढे वाटचाल केली नाही.

उत्तरायुष्य

१९३३ साली नाट्यमन्वंतर संस्थेच्या 'आंधळ्यांची शाळा' नाटकात स्त्रियांनीच स्त्रीभूमिका केल्या आणि स्त्रीपार्टी नटांचे युग ओसरू लागले. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात गायिका-अभिनेत्री गोहरबाई कर्नाटकी बालगंधर्वांच्या नाटकांत काम करू लागल्या. त्यानंतर स्त्रीभूमिका गोहरबाई आणि पुरुषभूमिका बालगंधर्व करीत असत. पत्नी लक्ष्मीबाई यांचे १९४० साली निधन झाले. उत्तरायुष्यात पायांतील शक्ती गेल्याने त्यांना रंगमंचावर उभे राहणे अशक्य झाले. तरी भजन-गायनाचे कार्यक्रम ते करीत असत. १५ जुलै १९६७ रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले.

प्रमुख भूमिका

शकुंतला – शाकुंतल
सुभद्रा – सौभद्र
भामिनी – मानापमान (१९११)
देवयानी – विद्याहरण (१९१३)
रुक्मिणी – स्वयंवर (१९१६)
सिंधू – एकच प्याला (१९१९)
द्रौपदी – द्रौपदी (१९२०)
मेनका – मेनका (१९२६)
कान्होपात्रा – कान्होपात्रा (१९३१)

सन्मान आणि स्मारके

बालगंधर्वांना १९५५ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि १९६४ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले. पुण्यातील बालगंधर्व रंगमंदिराच्या पायाभरणीला १९६२ साली ते स्वतः उपस्थित होते. २६ जून १९६८ रोजी या नाट्यगृहाचे उद्घाटन झाले. चित्रकार गोपाळ देऊसकर यांनी काढलेली त्यांची तैलचित्रे तेथे आहेत. जळगाव येथील खुल्या नाट्यगृहाला त्यांचे नाव देण्यात आले असून त्यांच्या नावाचा संगीत महोत्सवही त्या शहरात भरतो. त्यांच्या जीवनावर आधारित 'बालगंधर्व' हा रवी जाधव दिग्दर्शित मराठी चित्रपट २०११ साली प्रदर्शित झाला. त्यात सुबोध भावे यांनी मुख्य भूमिका केली असून, चित्रपटाची रंगभूषा विक्रम गायकवाड यांची आहे.