कुतूहलाला दार हवे

दरवर्षी २८ फेब्रुवारीला देशभर राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा होतो आणि चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या नोबेल पारितोषिकाचे स्मरण केले जाते. मला त्या दिवशी पारितोषिकापेक्षा एक दार आठवते.

१९०७ साली, वयाच्या १८ व्या वर्षी, रामन वित्त खात्यातील अधिकारी म्हणून कलकत्त्यात रुजू झाले. भौतिकशास्त्रात एम. ए. झालेल्या भारतीय तरुणासाठी संशोधनाची नोकरी तेव्हा जवळजवळ नव्हतीच. बहूबाजार रस्त्यावर त्यांना ‘इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’ ही पाटी दिसली. डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ मध्ये देणग्यांतून उभारलेल्या या संस्थेत प्रयोगशाळा होती. पण तिथे काम करणारे फारसे कोणी नव्हते. रामन यांच्यासाठी तिचे दार उघडले गेले. पुढची दहा वर्षे, रंगून व नागपूर येथील बदल्यांचा काळ वगळता, कचेरीच्या आधी आणि नंतर ते तिथेच असत. वाद्यांच्या तारा आणि नाद यांचा अभ्यास त्यांनी याच फावल्या वेळात केला. १९१७ मध्ये आशुतोष मुखर्जी यांनी कलकत्ता विद्यापीठात प्राध्यापकपद देऊ केले, तेव्हा कमी वेतन पत्करून त्यांनी सरकारी नोकरी सोडली.

१९२१ साली विलायतेच्या प्रवासात भूमध्य समुद्राच्या निळाईने ते थबकले. हा रंग आकाशाचे प्रतिबिंब होय, असे लॉर्ड रॅले यांचे मत होते. रामन यांनी निकोल प्रिझमच्या साहाय्याने पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाश वगळून पाहिले. निळाई तशीच राहिली. पाण्याचे रेणूच प्रकाश विखुरतात, हे त्यांनी ताडले. त्या प्रश्नाचा पाठपुरावा करत १९२८ मध्ये, के. एस. कृष्णन यांच्या साथीने, विखुरलेल्या प्रकाशाचा काही अंश आपली तरंगलांबी बदलतो हे त्यांनी दाखवून दिले. १९३० मध्ये नोबेल मिळाले. समुद्राकडे पाहताना यातले काहीच त्यांच्या हिशेबात नव्हते.

चरित्र इथे संपवणे सोयीचे असते. पण ते प्रामाणिक ठरणार नाही. १९३३ मध्ये रामन बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक असताना मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, तिथे प्रवेश मागण्यास गेल्या. केवळ स्त्री असल्याने रामन यांनी त्यांना नकार दिला. त्या मागे हटल्या नाहीत, तेव्हा वर्षभराच्या परीक्षणाच्या अटीवर प्रवेश मिळाला. त्यांचे काम पाहून रामन यांचे मत बदलले आणि पुढे संस्थेत स्त्रियांना प्रवेश मिळू लागला. कमलाबाईंनी १९३९ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली. ज्या माणसासाठी एक दार सहज उघडले होते, त्यानेच दुसऱ्या जिज्ञासूसाठी ते अडवून धरले होते.

म्हणून मला वाटते, कुतूहल हा केवळ व्यक्तीचा गुण मानणे ही धोरणकर्त्यांची सोयीस्कर पळवाट आहे. जिज्ञासू माणसे प्रत्येक पिढीत जन्मतात. त्यांना प्रयोगशाळेत पाऊल ठेवता येते की नाही, हे मात्र नियम, निधी आणि दाराशी उभा असलेला माणूस ठरवतो. प्रत्येक संशोधन प्रस्तावाकडून आरंभीच उपयोगाची हमी मागणारी व्यवस्था समुद्र निळा का, या प्रश्नाला पैसा देणार नाही. विज्ञान दिनी भाषणे जरूर व्हावीत. पण त्याच दिवशी प्रत्येक संस्थेने आपल्या दाराबाहेर कोण ताटकळत उभे आहे, हेही पाहावे.