जीवकाचे सौम्य विरेचन

राजगृहात उकिरड्यावर टाकलेले एक अर्भक राजपुत्र अभयाच्या दृष्टीस पडले. ते जिवंत आहे हे कळताच त्याने त्याला राजवाड्यात नेऊन वाढवले. म्हणून त्याचे नाव पडले जीवक. पुढे तो बुद्धांचा वैद्य झाला. त्याची कथा ‘महावग्ग’ या पाली ग्रंथात येते आणि तिच्यात आजच्या पंचकर्मांशी जुळणारे उपचार दिसतात.

जीवक तक्षशिलेला सात वर्षे शिकला. योजनभर परिसरात औषधी गुण नसलेली वनस्पती शोधून आण, अशी परीक्षा गुरूने घेतली. तो रिकाम्या हाताने परतला आणि उत्तीर्ण ठरला.

घरी परतताना वाटेत साकेत लागले. तिथल्या एका श्रेष्ठीची पत्नी सात वर्षे डोकेदुखीने हैराण होती. जीवकाने औषधांनी सिद्ध केलेले तूप तिच्या नाकात सोडले. आयुर्वेदातील नस्य ते हेच. एकाच उपचारात तिचे दुखणे थांबले.

उज्जयिनीचा राजा चंडप्रद्योत पांडुरोगाने आजारी होता, पण त्याला तुपाचा तिटकारा. जीवकाने काढ्याच्या रंगाचे, वासाचे आणि चवीचे तूप तयार करून त्याला पाजले. तापट राजाला तूप कळायच्या आत तो हत्तिणीवरून निसटला. राजाला उलटी झाली, तो संतापला. पण बरा झाल्यावर त्याने जीवकाला उंची वस्त्रे पाठवली.

खरी कसोटी बुद्धांच्या आजारात लागली. शरीरशुद्धीसाठी रेचक हवे होते, पण तीव्र औषध देणे जीवकाला योग्य वाटले नाही. त्याने आनंदाला आधी काही दिवस बुद्धांचे स्नेहन करायला सांगितले. मग औषधांनी भावित केलेली कमळे तीन वेळा हुंगायला दिली. प्रत्येक वेळी दहा, असे एकूण 30 वेग अपेक्षित होते. 29 वेगांनंतर स्नान, मग शेवटचा वेग, असा क्रम त्याने ठरवला. शरीर पूर्ववत होईपर्यंत आहाराचे पथ्यही सांगितले.

आधी स्नेहन, मग शोधन, शेवटी पथ्य हा क्रम पंचकर्मात आजही पाळला जातो. फुले हुंगून विरेचन होते का, हा वादाचा विषय ठरेल. पण रुग्णाची ताकद पाहून औषधाची तीव्रता ठरवण्याचे जीवकाचे तारतम्य मोलाचे आहे. जुलाबाने शरीरातील पाणी आणि क्षार कमी होतात. म्हणून वृद्ध, गर्भवती, हृदय वा मूत्रपिंडाचे रुग्ण यांनी तज्ज्ञांच्या देखरेखीशिवाय विरेचन घेऊ नये.